खिंडसड्याचे अकरा नमुने

त्या काळी माणसाने कुठे राहायचे हे वाळलेली पाने ठरवत. मूळस्थान कायदाच तसा होता: दुर्मीळ झाड जिथले मूळचे, ती जागा माणसांनी कायमची सोडायची. पुरावा म्हणजे वनस्पती-संग्रहालयातले जुने नमुने, दाबून वाळवून जाड कागदावर चिकटवलेली रोपे आणि खालची चिठ्ठी. ठेंगणी कारवी ही कारवीची एक उपजात. तिच्या अकराही नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवर खिंडसडा या डोंगरमाथ्यावरच्या पठाराचे नाव होते. तेवढ्यावर धनगरांची चौदा घरे सड्यावरून खाली दरीत हलवली गेली.

नऊ वर्षांनी वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. नीलिमा पोंक्षे यांनी त्याच नमुन्यांची मातीमुद्रा काढली. रोप जमिनीतून जे क्षार शोषते त्यांचे प्रमाण वाळल्या पानातही टिकते, आणि त्यावरून ते कुठल्या उतारावर वाढले हे कळते. अकराही रोपे दरीतली निघाली. दीडशे वर्षांपूर्वी हे नमुने गोळा करणारे संग्राहक महाशय दिवसभर दरीत हिंडायचे, मुक्कामाला सड्यावरच्या बंगल्यात यायचे आणि रोपे दाबताना चिठ्ठीवर मुक्कामाचेच नाव टाकायचे. त्यांचा एवढासा कंटाळा चौदा घरांना भोवला.

पोंक्षेबाईंनी त्या चौदा घरांपैकी एका घरच्या ठकूबाई मरगळेंना प्रयोगशाळेत बोलावून हे सगळे सांगितले.

“म्हंजी आमी वर जायाचं?” ठकूबाईंचा चेहरा उजळला.

“नाही. वर आता सरकारने कारवी लावलीय. एकदा रुजली की तीही जागा तिचीच, असं कलम आहे.”

“मीच लावली की. रोजावर. माज्या चुलीच्या जागंवर बी लावली.”

“आणि आता दरीही सोडावी लागेल, ठकूबाई. तुम्हाला घर परत मिळेल म्हणून मी घाईने अहवाल पाठवला. ते कलम नंतर वाचलं.” पोंक्षेबाईंना स्वतःची लाज वाटत होती.

ठकूबाईंनी समोरच्या वाळक्या रोपाच्या पानावर बोट ठेवले.

“पानात माती ऱ्हाती, तशी माणसात ऱ्हाती का?”

“राहते. दातांत. लहानपणी जिथलं खाल्लंप्यालं, तिथली.”

“मंग ह्यो दात बगा, हालतुया. उपटा. कागुदावर चिकटवा आन् खाली सड्याचं नाव लिवा.”

संग्रहालयात माणसाचा नमुना घेत नाहीत, हे सांगायला पोंक्षेबाईंची जीभ रेटेना. ठकूबाई तोंड उघडून बसून राहिल्या.