कानाच्या नव्या गाद्या

लाइट राहू दे बंद. आणि मी फेकत नाहीये हां, मेहबूबचाचांनी स्वतः सांगितलंय. तेच रे, नारायण पेठेत आमच्या बिल्डिंगखाली रेडिओ-बिडिओ दुरुस्त करतात. पुढे दुकान, मागे घर.

चौदा नोव्हेंबर दोन हजार चोवीस, गुरुवार. आमच्या मजल्यावरची दीक्षा त्यांच्याकडे हेडसेट घेऊन गेली. ती पायलटचं शिकते ना! दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पहिली सोलो, म्हणजे शेजारी सर नाहीत, विमानात एकटीच. हेडसेट सेकंडहँड. इंजिनचा आवाज सगळा आत यायचा.

चाचांनी भिंगातून बघितलं. कानाच्या दोन्ही गाद्यांवर चष्म्याच्या काड्यांच्या खोल खाचा.

"आधीचा मालक चष्मेवाला होता, बेटा. आवाज इथूनच शिरतो. नव्या गाद्या घालतो, सकाळी घेऊन जा."

रात्री साडेअकराला काम झालं. आता टेस्टिंग! चाचांची पद्धत म्हणजे हेडसेट कानाला लावायचा आणि घरातला मिक्सर चालू करायचा. सीरियसली!

जिनतचाची ओरडल्या, "अहो, शेजारी पोलीस बोलावतील!"

"दोन मिनिटं गं."

मिक्सर घरघरला. चाचांनी हेडसेटचं बॅटरीवरचं, बाहेरचा आवाज मारणारं बटण दाबलं. हिरवा दिवा. मिक्सर गायब! एकदम शांत.

आणि त्या शांततेत... श्वास.

चाचांनी आपला रोखून धरला. तो चालूच.

वायर बघितली. कशालाच जोडलेली नव्हती.

मग आवाज. म्हाताऱ्या माणसाचा. अगदी कानाशी.

"उद्या... मी येतो सोबत."

चाचांनी हेडसेट लोखंडी कपाटात टाकला. कुलूप. किल्ली खिशात.

साडेपाचला दीक्षा दारात. "झाला ना, चाचा?"

"...नाही."

"अहो, रात्री मिक्सर ऐकला मी! आज सोलो आहे माझी!"

चाचांनी खिशातली किल्ली मुठीत धरली.

"वा. छान. मागते फ्लाइंग क्लबचा कुठलातरी जुना," म्हणत ती दणदण निघून गेली.

चाचा कपाटासमोर बसून राहिले. सात वाजले. आठ. चाचींनी दिलेला चहा तसाच गार झाला.

सव्वानऊला फोन. "चाचा, उतरले! एकटी!"

चाचा रडलेच. मग उठले. कुलूप काढलं.

हेडसेट जागच्या जागी. दिवा बंद. गाद्या रात्रीच पाकिटातून काढलेल्या, कोऱ्या. चाचांना चष्मा नाही. दीक्षालाही नाही.

दोन्ही गाद्यांवर काड्यांच्या खाचा. खोल.

चाचांनी बोट लावलं...

गाद्या गरम होत्या.