काळजीवाहू आणि अर्धी बादली

पाठ दुखत नाही, मग चेंडू का फेकायचा नाही, हे कोडं केतकीला पडलं होतं. विचारायला जवळ होता फक्त यंत्रमानव, आणि त्याला एकच उत्तर येत होतं : "आराम."

त्याचं नाव काळजीवाहू. फलटणच्या मुलींच्या बेसबॉल संघाने तो खास तिच्यासाठी आणला होता. केतकी संघाची एकुलती एक पिचर (फलंदाजाकडे चेंडू फेकणारी). मोसमभर सगळे सामने तिच्याच जिवावर चालले, तेव्हा काळजी करायला कुणाला सवड नव्हती. मग तिच्या मणक्यात ताणभंग (सतत ताण पडून हाडाला गेलेली बारीक चीर) निघाला आणि काळजीला पूर आला. डॉक्टर म्हणाले होते, "फेकणं बंद, हिंडणं-फिरणं चालू." संघाने त्यातलं 'बंद' तेवढं ऐकलं. मैत्रिणी तिला दप्तर उचलू देईनात. पुढे हाक मारायच्याही थांबल्या. न जाणो, तिने वळून बघितलं आणि पाठीला काही झालं तर.

रविवारी अंतिम सामना होता. संघाचे प्रशिक्षक शिर्के सर घरी आले. "दुखत नाही ना? मग रविवारी ये. नाहीतर सरळ पुढच्या वर्षी."

सर गेले आणि आजोबा काठी टेकत बाहेर आले. चंद्रावरच्या प्रयोगशाळेत वर्ष काढून ते नुकतेच परतले होते.

"तुमचंही हाड मोडलंय?"

"मोडलं नाही गं, विरळ झालं. तिथे वजन सहावा हिस्सा. हाडांना कामच नाही."

"म्हणजे आराम."

"तोच नडला. हाडात दोन तऱ्हेच्या पेशी (शरीराचे सूक्ष्म जिवंत घटक) असतात. एक जुनं हाड खातात, दुसऱ्या नवं बांधतात. भार पडला की बांधणाऱ्यांना निरोप जातो. भारच नसला की खाणाऱ्यांची चैन. आणि भार अती झाला की बांधणाऱ्या मागे पडतात, चीर जाते. ते तुझं."

"पण आता दुखत नाही."

"दुखणं आधी थांबतं, हाड मागून पक्कं होतं. कच्च्या हाडावर एकदम अंतिम सामना नको. पण नुसतं झाकून ठेवलं तरी ते पक्कं होणार नाही. भार थोडाथोडा वाढवायचा."

केतकीने डॉक्टरांना फोन केला आणि मैदान गाठलं. मागोमाग काळजीवाहू.

"सर, रविवारी मी फेकणार नाही," ती म्हणाली. सर दुसरीकडे बघू लागले. "आणि पुढच्या वर्षीपर्यंत घरीही बसणार नाही. चेंडूंची अर्धी बादली उचललेली चालेल, डॉक्टर म्हणालेत." तिने बादली उचलली.

"खाली ठेव," काळजीवाहू म्हणाला.

"नाही ठेवणार."

त्याने बादलीतले चेंडू मोजले. मग म्हणाला, "निदान गुडघ्यात वाक."

पलीकडून कप्तान झीनत ओरडली, "केतकी, चेंडू आण की लवकर."

किती दिवसांनी कुणीतरी तिला काम सांगत होतं. केतकी वळली. पाठीला काहीही झालं नाही.