हंसाची हाक

चांदीप गावाच्या पुढे, एका वीटभट्टीवर, दिशा गेली ती साध्याच कामाला. एव्हरशाईन वसाहतीतल्या आपल्या खोलीतून ती एक इंटरनेट रेडिओ चालवायची. त्यावर ‘हाक’ नावाचा कार्यक्रम असे. पोटासाठी गाव सोडलेलं माणूस हरवलं, तर घरच्यांनी स्वतःच्या आवाजात, नाव घेऊन त्याला बोलवायचं. पाड्यापाड्यांवर लोक मोबाइलभोवती बसून ते ऐकत.

हंगाम संपला होता. मजूर झोपड्या मोडून गावी गेले होते. एकटी हंसाची झोपडी उभी होती. तिचा नवरा होळीपासून दिसेनासा झाला होता. पळाला, असं मुकादम म्हणे. पण हंसा गावी, जव्हारला परतायला तयार नव्हती. मागाहून तो आला आणि झोपडी दिसली नाही, तर जाईल कुठं?

“नाव घेऊन हाक मारा, हंसाताई,” माइक पुढे करत दिशा म्हणाली.

“नवऱ्याचा नाव? नाय बा. जित्ता हाय ना तो!”

“मग काय म्हणाल?”

“अवो म्हनंन.”

“सगळ्याच बायका अवो म्हणतात. निम्मा तालुका धावत येईल!”

हंसा पदर तोंडाला लावून हसली. नाव मात्र घेईना.

दिशा वैतागली. निघण्यापूर्वी, जिथे रेकॉर्डिंग केलं तिथली नुसती शांतता ती नेहमी टिपून घेई. नंतर आवाज जोडताना ती लागते. मातीच्या ढिगावर माइक ठेवून तिने हेडफोन चढवले. ऊन उतरलं होतं. जळक्या तुसाचा वास होता. वारा पडला...

थप्.

ओला चिखल साच्यात आपटावा तसा आवाज. पुन्हा थप्. मग साच्यावर दोन टिचक्या. दिशाने मान वर केली. आवार कोरडं, रिकामं. हेडफोन काढले की काहीच नाही. लावले की... थप्.

“ताय, काय झाला?”

दिशाने हेडफोन हंसाच्या कानांवर ठेवले. हंसाचा चेहरा उजळला.

“तोच! इटांची रांग झाली का दोनदा वाजवतो... भाकर काढ म्हनून...”

मग तिची नजर वायरीवरून उतरत माइकपाशी, ढिगापाशी आली.

“ह्यो ढीग... होळीला कोसळलेला. मुकादमानं मशीन लावून सारखा केला...”

ती खाली बसली. झोपलेल्या माणसाच्या पाठीवरून फिरवावा, तसा मातीवरून हात फिरवत राहिली. मग तिने माइक जवळ ओढला.

“लाडक्या,” ती म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा, त्याचं नाव घेऊन. “भाकर काढलीय... चल, घरी जाऊ.”

थप् थांबलं.

ती हाक आणि ढिगाची गोष्ट रेडिओवर ऐकून आसपासच्या पाड्यांवरून माणसं फावडी घेऊन आली. लाडक्या सापडला, साचा छातीशी धरलेला. पळाला तो मुकादम. हंसा आपल्या माणसाला घेऊन गावी गेली.

पुढे दिशा दुसऱ्या एका बंद भट्टीवर गेली. काम आटोपून, सवयीने, शांतता टिपायला तिने हेडफोन लावले.

थप्.

मग लांबून, दुसरं. मग चहूकडून... मोठ्या हातांचे, आणि अगदी लहान हातांचेही.

तिने माइक ओठांशी नेला. एकाचंही नाव तिला ठाऊक नव्हतं.

“कोण आहात?” ती कुजबुजली. “नाव सांगा...”

सगळे हात एकदम थांबले.