काजव्यांची पाचवी पिढी

"फुंकर मारू नका, आत ओल जाते."

त्याच्याशी मी बोललेलं हे पहिलं वाक्य. मामाच्या दुकानात आम्ही जुने व्हिडिओ गेम विकतो, आणि गेम चालेना की गिऱ्हाईक कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारतं. सगळेच मारतात. हा मात्र चोरी पकडल्यासारखा लाजला, ओठांचा चंबू तसाच ठेवून... आणि मला उगाचच हसू आलं.

तो एका मासिकात लिहायचा. 'काजवे' या काजवे पकडायच्या गेमच्या आजवर पाच पिढ्या, म्हणजे पाच आवृत्त्या, आल्या. त्यातली कुठली किती खपली, कुठली लोकांना किती आवडली, यावर त्याला लेख करायचा होता. कंपनीचे आकडे त्याच्याकडे होते, जुन्या मालाची खबर माझ्याकडून हवी होती.

"सगळ्यात जास्त खपली ती पहिली," तो म्हणाला.

"म्हणून तर परत विकायलाही तीच येते. तो अख्खा कप्पा बघा."

"आणि चौथी? ती तर आपटली."

"घेतली थोड्यांनीच. पण ज्यांनी घेतली, ते परत आणत नाहीत."

तो लिहायचा थांबला. "का?"

"ते... तिची पाळी आली की सांगेन."

तिथेच माझी नियत फिरली. एका भेटीत एकच पिढी सांगायची, असं मी ठरवून टाकलं. तो यायचा, मामा "तुझे आकडेशास्त्री आले" म्हणून मिशीतल्या मिशीत हसत आत जायचा. तिसरीच्या दिवशी आम्ही एकाच इअरफोनची दोन टोकं कानांत घालून तिची धून ऐकली. त्याच्या बाहीला साबणाचा वास होता. धून संपली तरी दोघांपैकी कुणीच टोक काढलं नाही.

मग चौथी आली.

"तिच्यातला शेवटचा काजवा एकट्याला मिळत नाही," मी सांगितलं. "दोघांनी आपापली यंत्रं जोडावी लागतात. म्हणून खप कमी. पण ज्यांनी जोडली, त्यांना ती विकवत नाही."

"तुम्ही कुणाशी जोडलं होतं?"

"अजून कुणाशीच नाही..."

त्यानं मान खाली घातली. कान मात्र लाल झाले होते.

पाचवी मी ताणली. आज माल यायचाय, उद्या कप्पा लावायचाय. पाचवी संपली की याचं काम संपणार, हे मला दिसत होतं ना! आणि नेमकी मी दाढ दाखवायला गेले, तेवढ्यात मामानं त्याला सगळी पाचवी एका दमात सांगून टाकली.

"बिचारा किती दिवस ताटकळला होता," मामा म्हणाला. "खूश होऊन गेला."

दाढेपेक्षा ते जास्त दुखलं.

तो आला नाही. दार वाजलं की माझी मान वर, आणि कुणी भलतंच दिसलं की पुन्हा खाली. गिऱ्हाईक पहिली मागे, मी तिसरी काढून देई. मला तो हवा होता... काही काम नसताना, काही विचारायचं नसतानाही हवा होता.

मासिक निघालं त्या दुपारी मी त्याच्या कचेरीत गेले. तो खुर्चीतून अर्धवट उठला, तसाच राहिला.

"चौथीवर चारच ओळी?" मी भांडायचा सूर लावला.

"जास्त लिहिलं असतं, तर ते चौथीबद्दल राहिलं नसतं."

माझा सूर तिथेच बसला. "तुम्ही आला नाहीत," मी म्हणाले.

"कोपऱ्यापर्यंत येऊन परत फिरलो. विचारायला काही उरलंच नव्हतं."

"मग काही न विचारता यायचं."

"आणि मामांसमोर काय सांगायचं?"

"आठवण आली म्हणून आलो, असं. मला येते तुमची... फार येते."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, नीट, पहिल्यांदाच नजर न चुकवता.

"मामा जेवायला कधी जातात?" त्यानं हळूच विचारलं.

"आत्ताच गेलेत. मी दुकानाला कुलूप लावून आलेय."

त्यानं संगणक बंद केला आणि खुर्चीवरचं जाकीट उचललं.