उतरत्या खुर्च्या

सायकली आत घेतल्या ना सगळ्यांनी? इथे दव फार पडतं, साखळ्या गंजतात. बसा मग. आणि तो दिवा जरा बारीक कर रे, डोळ्यांवर येतोय.

उद्या तुम्ही रोपवेने वर जाणार, जुनी खाण बघणार आणि उतारावरून सुसाट खाली येणार. खुशाल जा. दिवसा त्या डोंगरासारखी जागा नाही. मी सांगतोय ते अंधार पडल्यानंतरचं आहे, आणि ते माझ्या साडूबरोबर घडलेलं आहे. ऐकीव नाही. त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि तो माणूस थापा मारणारा नव्हे. रोपवेचा मिस्त्री आहे तो. सगळा जन्म यंत्रांत गेला. त्याच्या बायकोच्या मते झोपेतसुद्धा तो नट आवळतो.

त्याची बायको आणि माझी बायको सख्ख्या बहिणी, आणि त्यांना एकुलता एक भाऊ. म्हणजे आम्हा दोघांत मिळून एकच मेव्हणा. तेवढा पुरेसा होता. त्याला सगळे रेडिओ म्हणायचे, कारण तो एकदा सुरू झाला की बंद करायचं बटण सापडायचं नाही. मिस्त्रीनेच त्याला रोपवेवर कामाला लावला होता.

गेल्या वर्षीची गोष्ट. ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. अमावास्या नव्हती की पौर्णिमा नव्हती, उशिरा उगवणारा अर्धा चंद्र होता. दुसऱ्या दिवसापासून पर्यटकांचा मोसम सुरू होणार, आणि वरच्या स्टेशनातल्या मोठ्या चाकाचं बेअरिंग नुकतंच बदललेलं. एकदा चालवून बघायचं, एवढंच काम. पण दिवसभर वारा इतका की खुर्च्या खांबांना थडकल्या असत्या. वारा पडला तो दिवस मावळल्यावर. मिस्त्री म्हणाला, आता उरकून टाकू. रेडिओ शेवटच्या जीपने वर गेला, बेअरिंगचा आवाज ऐकायला. जीप परतली. मिस्त्री खाली, मोटरच्या केबिनमध्ये. दोघांकडे वॉकीटॉकी.

रोपवे कसा असतो ते बघितलंयत ना? दोन माणसांची उघडी खुर्ची, पुढे आडवी दांडी. एका बाजूने खुर्च्या वर जातात, चाकाला वळसा घालून दुसऱ्या बाजूने खाली येतात. केबिनमध्ये मोटरवरचा भार दाखवणारा एक काटा असतो. चढणाऱ्या खुर्च्यांत माणसं बसली की काटा वर जातो. उतरणाऱ्या खुर्च्यांत बसली की खाली येतो, कारण वजनच दोर ओढायला लागतं. काट्याकडे बघून मिस्त्री सांगतो कोण किती जेवून आलंय.

दोर फिरायला लागला. रिकामा. काटा मध्यावर स्थिर.

"दाजी, लोण्यासारखं फिरतंय," रेडिओ म्हणाला. "पार्टी लागू झाली बघा तुम्हाला. हॉटेलात. ताईच्या हातचं नको."

"सांगू का ताईला?"

"सांगा, मी नाही म्हणेन. तिचा विश्वास माझ्यावरच आहे."

अशी बडबड चालली होती. मिस्त्री तोंडाने हसत होता, पण नजर काट्यावर. काटा किंचित खाली आला. त्याने काचेवर टिचकी मारली. काटा आणखी खाली आला.

"दाजी, स्पीड कमी केलात का?"

"नाही. का?"

"खुर्च्या डुलतायत."

"वारा असेल."

"वारा नाहीये... चाकाला वळसा घालून पुढे आल्या की डुलतायत. मागे. कोणी बसल्यावर जातात तशा."

मिस्त्रीला वाटलं, नेहमीची चेष्टा. "गंमत पुरे, मला घरी जायचंय," तो म्हणाला. पण बोलताना त्याच्या डोळ्यांदेखत काटा घसरला. एक खुर्ची गेली असेल तेवढा वेळ थांबला. पुन्हा घसरला.

चेष्टा माणूस करतो. काटा करत नाही.

"दाजी." रेडिओचा आवाज बसला होता. "दांड्या खाली येतायत. आपोआप."

"तू कुठे आहेस?"

"भिंतीला टेकून. दाजी, इथे... रांग आहे."

"कसली रांग?"



"दिसत काही नाही. खडीवर पाय वाजतायत. माझ्या पुढून जातायत. खाणीकडून येतायत."

मिस्त्रीचा हात लाल बटणावर गेला. दोर थांबवायचं बटण. दाबणारच होता तो.

थांबा, इथे एक गोष्ट तुम्हाला ठाऊक हवी. आमच्या सासऱ्यांनी आम्हा दोघांना सांगितलेली, एकदाच, आणि पुन्हा विषय काढायचा नाही म्हणून बजावलेलं. खाण चालू होती तेव्हा याच जागी दोर होता, पण त्याला लोखंडी डबे. डब्यांतून दगड खाली यायचा. माणसांनी बसायला सक्त मनाई. एका थंडीत रात्री खाणीच्या आत आग लागली. जे बाहेर पडले ते डब्यांत बसले. माणसं, आणि कंदील धरायला ठेवलेली पोरं. खाली दोर चालवणाऱ्याला काही कळवायला सवड नव्हती. त्याला एवढंच दिसलं की पाळी संपल्यावर, हुकूम नसताना, डबे भरून येतायत. त्याने नियमाप्रमाणे दोर थांबवला आणि साहेबाला विचारायला गेला. साहेब सकाळी भेटला. रात्रभर डबे मधल्या दरीवर लटकत होते. त्या थंडीत.

तो दोर चालवणारा म्हणजे आमच्या सासऱ्यांचा बाप. रेडिओचा आजोबा.

...नाही, पाणी नको. ऐक.

बटणावर बोट, आणि वॉकीटॉकीतून रेडिओ कुजबुजला, "दाजी, थांबवू नका. काही झालं तरी थांबवू नका."

मिस्त्रीने बोट उचललं.

"तू तिथेच थांब. मी जीप घेऊन येतो."

"तुम्ही निघालात तर दोर कोण बघणार?"

मिस्त्री दारापर्यंत गेला आणि काट्याशी परत आला.

"दाजी... रांग संपली. पण एक खुर्ची... तिची एक बाजू वाकलीय. दुसरी रिकामी. दांडी वरच आहे."

"मग?"

"मला जागा ठेवलीय."

"बसू नकोस. ऐकतोयस का? बसू नकोस तू."

"माझ्या मागे कोणीतरी उभं आहे, दाजी."

त्यानंतर आवाज नाही. खरखरही नाही. मिस्त्रीने हाका मारल्या. नावाने मारल्या, शिव्या दिल्या, रडला. मग काटा आणखी एकदा घसरला. आता मात्र नेहमीच्या माणसाएवढा.

म्हणजे बसला.

वरून खाली यायला खुर्चीला बराच वेळ लागतो. तो वेळ मिस्त्री नुसता उभा होता. बाहेर एकच ट्यूबलाइट. तिच्या उजेडापलीकडे काळोख, आणि काळोखातून एकेक खुर्ची बाहेर येणार.

पहिली आली.

रिकामी. दांडी खाली. मागे वाकलेली. उतरायच्या रबरी पट्ट्यावर आली, दांडी वर गेली, आणि खुर्ची हलकी होऊन सरळ झाली.

पट्ट्यावर पाय वाजले.

दुसरी. तिसरी. मग मिस्त्रीने मोजलं नाही. वास आला, ओल्या मातीचा आणि जळक्या चामड्याचा. केबिनचं दार उघडं होतं. ते लावायचं धाडस झालं नाही. पावलं दारासमोरून रस्त्याकडे जात होती. सावकाश. दमलेली. आणि सवयीने, पोरांनो, निव्वळ सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "जपून उतरा. पुढे चला." रोज पर्यटकांना म्हणतो तेच. दुसरं काही सुचेना, म्हणाला.

पावलं थांबली.

सगळी.

केबिनच्या काचेवर बाहेरून वाफ धरली. तोंडाएवढी. मिस्त्रीच्या तोंडासमोर. विरली. पुन्हा धरली. कोणीतरी आत बघत होतं. त्याच्याकडे की बटणाकडे, कोण जाणे.

मिस्त्रीने दोन्ही हात वर केले. बटणापासून लांब. दिसतील असे. तसाच उभा राहिला. हात खाली घेतले नाहीत.

वाफ विरली. धरली नाही. पावलं चालायला लागली.

मग रेडिओची खुर्ची आली.

एका कडेला अंग चोरून बसला होता. डोळे मिटलेले. डावा खांदा खाली, आणि तो हलू नये म्हणून दुसऱ्या हाताने दांडी गच्च धरलेली. मिस्त्री धावला. खुर्ची पट्ट्यावर आली, दांडी उचलली गेली नाही. पट्टा संपला की खुर्ची चाकाला वळसा घालते आणि पुन्हा वर. त्या काळोखात. आणि दोर थांबवायचा नाही.

मिस्त्रीने दांडीला हात घातला. हलेना. जणू वितळवून जोडलेली. तो खुर्चीबरोबर फरपटत चालला. पट्टा संपत आला.

"ओढ," तो ओरडला. "उतर, ओढ ती दांडी."

रेडिओने डोळे उघडले. इतक्या हलक्या आवाजात तो आयुष्यात बोलला नसेल.

"हळू, दाजी. झोपलंय."

मग त्याने मान वळवली, शेजारच्या रिकाम्या जागेकडे, आणि म्हणाला, "उठ रे बाळा. आलं आपलं."

...

दांडी वर गेली.

दोघं पट्ट्यावर कोसळले. खुर्ची रिकामी होऊन चाकाला वळली. आणि त्यांच्या डोक्याशी, अगदी कानाशी, लहान पावलं वाजली. अनवाणी. आधी अडखळत, झोपेतून उठल्यासारखी. मग पळत. पुढे गेलेल्यांच्या मागे, रस्त्याने.

याच रस्त्याने. समोरचा.

काटा मध्यावर आला होता. मिस्त्रीने दोर थांबवला नाही. पहाटेपर्यंत रिकामाच फिरत ठेवला, आणि दोघं केबिनमध्ये एकमेकांना चिकटून बसले. रेडिओ एक शब्द बोलला नाही. उजाडल्यावर मिस्त्री त्याला इथे घेऊन आला, कारण माझं घर जवळ. बायकोने त्याच्या अंगावर पांघरूण घातलं. तो आठवडाभर माझ्याच घरी होता. हल्ली तिकीट खिडकीवर बसतो. उद्या तिकिटं तोच देईल तुम्हाला. ह्यातलं काही विचारू नका. गप्पा मारतो पुन्हा, पूर्वीच्या निम्म्या. वर मात्र जात नाही.

आला तेव्हा त्याच्या अंगात जाड खाकी जॅकेट होतं. डाव्या खांद्यावर तांबड्या मातीचा ठसा. गाल, कानाची पाळी, आणि खाली, तोंड येईल तिथे, रुपयाएवढा ओला डाग. गाढ झोपलेल्या लहान मुलाची लाळ गळते तसा. बायकोने जॅकेट धुतलं. माती निघून गेली. मग वाळत घातलं.

ते अजून मागच्या तारेवर आहे. वर्ष झालं. उन्हाळा गेला त्याच्यावरून. सगळं कापड वाळून पापडासारखं कडक झालंय.

तेवढी रुपयाएवढी जागा ओली आहे. आज संध्याकाळी हात लावून बघितला मी.

कोमट असते.