मंगळाची गाडी आणि किसनरावचा धुरा

कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू! पण दर्यापूर पट्ट्यात माझ्याइतकं खरं बोलणारा दुसरा दाखवा. गफ्फारभाईच्या चहाच्या टपरीवर बसून हे लिहितोय. तो मागून वाचतोय. वाचू दे.

दोन हजार सोळा साल. गेल्या महिन्यातली आखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया. पितरं घरी पाणी प्यायला येतात, तो दिवस.

दिवस मावळत होता...

आमच्या गावच्या सूर्यभानचं शेततळं कोरडं ठणठणीत. माझी नात नीलम अमरावतीला इंजिनिअरिंग शिकते. मंगळावर फिरते तशी सहा चाकांची गाडी तिने बनवलेली. तळ्यालाच मंगळावरचा खड्डा समजून ती गाडी चालवून पाहत होती.

पण ती जागा सूर्यभानची नव्हतीच.

शेजारच्या किसनरावचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, त्याने दरसाल थोडाथोडा नांगरत गिळला, अन् त्या गिळलेल्या जमिनीतच तळं खोदलं. भांडता भांडता किसनराव तिथेच छाती धरून पडला, तो उठलाच नाही. त्याची बायको जाईबाई उरलेल्या तुकड्यावर कशीबशी जगते.

गाडी तळाशी उतरली. थांबली.

मग...

टक्... टक्...

बैल वळवताना किसनराव जीभ वाजवायचा. हुबेहूब!

गाडी वळली.

"कुठं नेतं वं पोरी?"

"आजोबा, मी काहीच नाही करून राहिली!"

रिमोट तिने केव्हाच खाली ठेवला होता.

गाडी काठ चढली अन् जुन्या धुऱ्यावरून सरळ निघाली. मागे नांगराएवढी खोल सरी पडत गेली.

सूर्यभान धावत आला. "थांबव ते खेळणं! वावर माह्यं हाय!"

त्याने बॅटरीच उपटली.

गाडी थांबली नाही...

त्याच्याकडे तोंड करून चालू लागली. तो मागे, ती पुढे. टक्... टक्... मागे, मागे, पार विहिरीच्या काठापर्यंत.

"किसन्या, घे तुहा धुरा!"

अन् गेला खाली. पाण्याचा आवाजसुद्धा आला नाही. गळ टाकले, माणसं उतरवली. प्रेत आजतागायत...

"झूट!" गफ्फारभाई मागून ओरडला. "काहून मारून टाकता जित्या माणसाले? सकाळीच पाह्यला मी त्याले. हद्दीच्या खुंट्या उपटून धुरा मांगं घेऊन राहिला. जाईबाईचं होतं तेवढं कवाच देऊन झालं. आता सोताच्या घराच्या ओट्याशी आला... अन् तरी थांबून नाही राहिला."