काठोकाठ भरलेला ग्लास

गादी विकायची एकच खात्रीची रीत आहे आणि आमच्या शोरूममध्ये ती मी आणली. डबल बेडच्या एका बाजूला काठोकाठ भरलेला पाण्याचा ग्लास ठेवायचा, बूट काढून दुसऱ्या बाजूला चढायचं आणि धबाधब उड्या मारायच्या. माझं वजन भरपूर आहे. पाणी हलत नाही. नवरा माझ्याकडे बघतो, बायको ग्लासाकडे बघते आणि गादी खपते. बाकीचे विक्रेते फोमची जाडी आणि वॉरंटी घोकत बसतात. गिऱ्हाइकाला जाडीशी काही देणंघेणं नसतं, त्याला शेजारच्याचा त्रास नको असतो.

ताईला मी हीच गादी दिली. भावोजी घड्याळं दुरुस्त करतात. दिवसभर डोळ्याला भिंग लावून श्वास रोखून बसतात आणि दिवसभराची वळवळ रात्री अंथरुणात भरून काढतात. "मी झोपत नाही रे, नावेत बसते," ताई म्हणायची. तिची पाठ तर केव्हाच कामातून गेली होती. तिनं शोरूममधल्या सगळ्या गाद्यांवर लोळून बघितलं, उशी घेऊन कुशीवर वळून बघितलं, आणि शेवटी मी सांगितली तीच गादी घेतली. प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली. एक दबली तर शेजारणीला पत्ता लागत नाही.

काही दिवसांनी तिचा फोन आला. झोप छान लागत होती. तक्रार एकच, पाण्याची.

"पलंगाशेजारी ग्लास भरून ठेवते, सकाळी रिकामा. हे पितात आणि परत भरून ठेवत नाहीत."

"मी पीत नाही," मागून भावोजींचा आवाज.

"मग काय गादी पिते?"

आम्ही तिघंही पोट धरून हसलो.

पुढच्या खेपेला तिच्याकडे गेलो तेव्हा तिनं वरच्या फळीवरचा डबा काढायला हात उंचावला आणि बाही खाली सरकली. दंडावर बोटं उमटली होती, काळीनिळी. पलंगाला लागलं म्हणाली. त्यानंतरच्या खेपेला तिचा ओठ फुटलेला बघितला.

"पलंगावर ओठ आपटतो होय?"

ती खुर्चीत बसली. "मला खरंच कळत नाही रे. सकाळी अंग नुसतं ठणकत असतं. झोप मात्र गाढ लागलेली असते."

माझा विश्वास बसला नाही. नवऱ्याला पाठीशी घालणाऱ्या बायका काही कमी नसतात. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी तडक भावोजींच्या दुकानात गेलो. दोन गिऱ्हाइकं उभी होती. त्यांच्या देखत भावोजींची गचांडी धरून त्यांना काउंटरवरून ओढलं आणि तोंडावर ठोसा मारला. मग आणखी एक. पुढचा दात निखळून जमिनीवर पडला. ट्रे उलटला आणि घड्याळांची बारीक चाकं फरशीभर पसरली. मुंगीलासुद्धा फुंकर मारून बाजूला करणारा हा माणूस. त्यानं हात वर उचललाच नाही.

"मारा," ते रक्त थुंकून म्हणाले. "पण तिला कोण मारतं ते शोधा. मी शेजारीच असतो आणि मला काही कळत नाही."

शोध कसला घ्यायचा? मी त्यांना दुकानातच झोपायला लावलं. ताईनं दाराला आतून कडी घातली आणि एकटी झोपली.

सकाळी शेजारीण फोनवर ओरडत होती. ताई उंबऱ्यात कोसळली होती. गळ्याखालचं, खांद्याकडचं हाड मोडलं होतं, कानातून रक्त येत होतं आणि गळ्याभोवती दोन्ही हातांच्या खुणा होत्या.

"कडी?" मी दवाखान्यात विचारलं.

"मीच काढली. आतूनच होती."

डॉक्टरनं भावोजींच्या तुटक्या दाताकडे बघितलं आणि मग माझ्या सोललेल्या बोटांकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भावोजी मात्र तिचे केस सारखे करत होते. माझ्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

मी गादी टेम्पोत घालून शोरूममध्ये आणली. शिवण न् शिवण तपासली, कोपरे दाबून बघितले, कान लावून बघितला. नव्या कापडाचा वास सोडला तर काहीच नव्हतं. दुपारी सगळे जेवायला गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि ती पलंगावर टाकली. एका बाजूला ग्लास ठेवला, दुसऱ्या बाजूला उड्या मारल्या. पाणी हललं नाही. इतकी वर्षं या धंद्यात उड्या मारल्या, पण गिऱ्हाईक जसं झोपतं तसं आडवं होऊन ग्लासाकडे मी कधी बघितलं नव्हतं. म्हणून ग्लास भावोजींच्या बाजूला ठेवला आणि ताईच्या बाजूला पडलो.

पाठीला आराम वाटला. शटरखालून ऊन आत आलं होतं. बाहेर कुणीतरी स्कूटरला किक मारत होतं. ती काही सुरू होत नव्हती.

पहिला फटका बरगडीत बसला.

मी उठायला गेलो. छातीवर गुडघा आला. दिसत काहीच नव्हतं, पण गुडघ्याचं हाड कळत होतं, वाटीसकट. नाकावर ठोसा बसला आणि तोंडात रक्त आलं. मी हात फिरवले, ते नुसते हवेतून गेले. माझ्यावर मात्र फटके पडत राहिले, घाई न करता, कणीक तिंबावी तसे.

मग गळा आवळला गेला.

मान एकीकडे वळली आणि समोर ग्लास दिसला. माझ्या अंगावर एक अख्खा माणूस त्या बाजूनं रेलून मला मारत होता. पाणी काठाला तसंच होतं. त्यावर साधी थरथर नव्हती.

गादी खरोखरच उत्तम होती.

हात सुटले. मी डोळे मिटून खोकत पडून राहिलो. बाहेर स्कूटर सुरू झाली आणि निघून गेली. डोळे उघडले तेव्हा ग्लास जागेवर उभा होता. चादर कोरडी होती. कुठे थेंब सांडला नव्हता.

ग्लास रिकामा होता.

मी भावोजींना बोलावून घेतलं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि काही न विचारता बाह्या सरसावल्या. आम्ही दोघांनी गादी फाडली. एकेक पिशवी उसवून स्प्रिंगा भंगारात दिल्या, फोम जाळला. मी त्यांची माफी मागितली. "राहू द्या," ते म्हणाले. दात नसल्यामुळे त्यांच्या बोलण्यात शीळ यायची आणि दर वेळी ती माझ्या काळजात घुसायची.

ताई घरी आली तेव्हा आम्ही काथ्याची गादी आणली होती. कडक, खरखरीत, जिची मी जन्मभर टिंगल केली ती. ताईनं झोळीतला हात सांभाळत स्वतः ग्लास भरून ठेवला आणि मला दुसऱ्या टोकाला बसायला सांगितलं. मी टेकलो मात्र, सगळं पाणी गादीवर. ताई हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

"आता कुणी नुसतं हललं तरी कळेल," ती म्हणाली.

माझा जीव भांड्यात पडला. भावोजी त्या दिवशी आपल्या घरी झोपले.

सकाळी तिचा फोन आला. आवाज टवटवीत होता. "अरे, मस्त झोप लागली! अंगावर साधा ओरखडा नाही. थांब, ह्यांना बोलायचंय."

फोन घेऊन भावोजी गॅलरीत गेले असावेत. दार लोटल्याचा आवाज आला.

"ती रात्रभर हलली नाही," ते हळू म्हणाले. "मी जागाच होतो. गादी माझ्या कडेला दबली. कुणीतरी बसलं. पाणी प्यायल्याचा आवाज आला."

"मग?"

"मग आमच्या दोघांच्या मधे येऊन आडवं झालं. गादी खाली गेली ना, तशी ती त्याच्याकडे घरंगळली. झोपेतच. मला उठता येईना."

"आणि आता? आता ते कुठंय?"

तेवढ्यात मागून ताईचा आवाज आला, अंथरूण आवरताना येतो तसा, थोडा त्रासलेला.

"अहो, इकडे या जरा. नवी गादी आणि मधेच एवढी खचलीय. हात लावून बघा, गरम आहे अजून."